शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक मुलांना घरी का नेऊ देत नाहीत?

कर्वेनगरची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. माझी मुलगी तिसरीत आहे, मराठी माध्यम, शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळेची लायब्ररी खरंच छान आहे, काचेची चार मोठी कपाटं भरून पुस्तकं आहेत आणि दर शुक्रवारी पाचवा तास वाचनाचा असतो. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं रांग करून वर जाण्यात आणि पुस्तकं वाटण्यात जातात, शेवटची पाच गोळा करण्यात, म्हणजे हातात उरली वीस.

गेल्या महिन्यात ती एका कासवाची गोष्ट वाचत होती. अर्धी झाली आणि बेल वाजली. तिने खुणेला आत लोकरीचा निळा धागा ठेवला, माझ्या विणकामातला खिशात होता तो. पुढच्या शुक्रवारी ते पुस्तक दुसऱ्या मुलाच्या हातात, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो तास गणिताला गेला, आणि मग कपाटं नव्याने लावली त्यात पुस्तक कुठे गेलं कळेना. घरी येऊन मला म्हणते, आई, कासव विहिरीत पडलं तिथपर्यंतच वाचलंय गं मी, ते वर आलं का माहितीच नाही.

मी ते पुस्तक दुकानात शोधलं पण तिला नाव धड आठवत नाही, कव्हर हिरवं होतं एवढंच सांगते.

आता परवा वर्गाच्या ग्रुपवर नवीन नियम आलेत. पहिली ते चौथी पुस्तक घरी मिळणार नाही. पाचवीपासून आठवड्याला एक, त्यासाठी ३०० रुपये डिपॉझिट, हरवलं किंवा फाटलं तर दुप्पट किंमत, आणि "अभ्यासात नियमित असणाऱ्या विद्यार्थ्यांनाच" असं शेवटी. हे शेवटचं वाचून मला फार वाईट वाटलं. ज्याचा अभ्यास मागे पडलाय त्यालाच तर गोष्टीच्या पुस्तकाची जास्त गरज आहे ना?

तुमच्या मुलांच्या शाळेत काय नियम आहेत? आणि मुख्याध्यापिकांशी बोलायला जायचंय तर काय मुद्दे घेऊन जाऊ?

धायरीकर_बाबा

आमच्याकडे पण तेच, फक्त डिपॉझिट नाही. मुलाने दुसरीत असताना एक पुस्तक आणलं होतं, पावसाळ्याचे दिवस, व्हॅनमध्ये दप्तर भिजलं आणि पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली. आम्ही पंख्याखाली वाळवलं, इस्त्री फिरवून बघितली पण व्हायचं ते झालं होतं. पैसे भरले, त्याबद्दल तक्रार नाही, पण वर्गात सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं की याने पुस्तक खराब केलं. त्यानंतर दोन वर्षं त्याने लायब्ररीतून काही घेतलेलं नाही. वाचनाच्या तासाला चित्रं बघत बसतो असं बाई सांगतात. पुस्तक साठ रुपयांचं होतं.

पेठेतला_वाचक

ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं पण दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. निवृत्त झाल्यापासून मी एका शाळेच्या लायब्ररीत आठवड्यातून दोन दिवस जातो, पुस्तकांना कव्हर घालणं, नंबर टाकणं अशी कामं करतो. माजी विद्यार्थ्यांनी पक्ष्यांवरच्या माहितीच्या पुस्तकांचा दहा खंडांचा सेट दिला होता. त्यातला सहावा खंड गेला तो गेलाच, आता सेट अपुरा, एकटा खंड बाजारात मिळत नाही. काही पुस्तकांतली चित्रं मुलांनी ब्लेडने कापून प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलीत, आणि त्यात आईवडिलांचा हात असणार कारण दुसरीतल्या मुलाला इतकं सरळ कापता येत नाही. घरी पुस्तक गेलं की त्याचं काय होतं यावर शाळेचा काही ताबा राहत नाही. शिस्त लागली पाहिजे हे माझं प्रामाणिक मत आहे आणि थोडी रक्कम अडकलेली असली की घरचे लक्ष देतात.

कर्वेनगरची_आई

काका, राग अजिबात नाही. ब्लेडचं वाचून धक्काच बसला. पण मग मोठे संदर्भग्रंथ तिथेच ठेवा आणि गोष्टीची पुस्तकं द्या, असं नाही का करता येणार? सगळ्या कपाटांना एकच कुलूप कशाला?

अर्धवेळ_ग्रंथपाल

मी एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे, या विषयावर बोलायला हवं असं फार वर्षं वाटत होतं म्हणून मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

पालकांना वाटतं ग्रंथपाल किंवा बाई खडूस आहेत म्हणून पुस्तक देत नाहीत. खरं कारण बहुतेक वेळा भीती असते. पुस्तक शाळेत आलं की बिलावरून दाखल रजिस्टरला चढतं, त्याला दाखल क्रमांक मिळतो, शिक्का पहिल्या पानावर मारतो आणि आत एका ठरलेल्या पानावर पण मारतो, म्हणजे पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. त्या क्षणापासून ते पुस्तक ज्याच्या नावावर चार्ज आहे त्याच्या गळ्यात असतं. प्राथमिकला तर ग्रंथपालाचं पदच नसतं, एखाद्या वर्गशिक्षिकेकडे जास्तीचं काम म्हणून कपाटाच्या किल्ल्या देतात. तिची बदली झाली, ती निवृत्त झाली, की चार्ज देताना रजिस्टर आणि कपाट जुळवायचं. शंभर पुस्तकं कमी भरली तर ती कुठून आणणार? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी निवृत्तीच्या महिन्यात स्वतःच्या पैशाने अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं विकत आणून भरली. असं एकदा बघितलेली बाई पुन्हा कुणाच्या हातात पुस्तक देईल का सांगा.

खराब झालेलं, हरवलेलं पुस्तक रजिस्टरमधून कमी करता येतं, त्याला निर्लेखन म्हणतात. यादी करायची, समितीच्या सह्या घ्यायच्या, मंजुरी घ्यायची. होतं ते, पण कागदपत्रं कुणी करत नाही, त्यामुळे वाळवीने खाल्लेली पुस्तकंही वर्षानुवर्षं कपाटात जागा अडवून बसतात, कारण संख्या जुळली पाहिजे. कपाट बंद राहिलं की पुस्तक सुरक्षित राहतं हाही गैरसमजच आहे. पुण्याचे पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात काढलेलं पुस्तक उघडून बघा, बुरशीचा वास येतो, कडेला कसर लागलेली असते. हातात खेळणाऱ्या पुस्तकाला कसर लागत नाही.

आता तुमच्या कामाचं सांगते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, नियम २१५ ग्रंथालयाच्या साठा पडताळणीचा आहे. त्यात असं आहे की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तकं गेली तर ती वाजवी घट मानायची, अट एवढीच की ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे गेलेली नसावीत. १००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायचीच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या संस्थेला तो थेट लागू होत नाही, पण सरकारच्या हिशेबातसुद्धा पुस्तक हरवणं गृहीत धरलंय हे मुख्याध्यापिकांना दाखवायला फार उपयोगी पडतं. मी आमच्याकडे तेच केलं.

हिशेब करून बघा. समजा प्राथमिकला ३०० मुलं आहेत, प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेलं आणि वर्षात असे ३० आठवडे मिळाले, तर ९००० वेळा पुस्तक घरी गेलं. हजाराला पाच म्हणजे ४५ पुस्तकं. मुलांच्या पातळ पुस्तकाला ६० रुपये धरले तर २७०० रुपये. तीनशे मुलांच्या वर्षभराच्या वाचनासाठी २७०० रुपये शाळेने सोडायला काय हरकत आहे?

आमच्या क्षेत्रात डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच असा की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. १२ ऑगस्टला त्यांची जयंती आम्ही ग्रंथपाल दिन म्हणून साजरी करतो, फोटोला हार घालतो, आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप. मला याचा मनापासून त्रास होतो.

वानवडी_मम्मा

अर्धवेळ ग्रंथपाल ताई, हे पहिल्यांदाच कळलं. मी आजवर बाईंनाच दोष देत होते. वाचनखूण साठवली.

कायद्याचं_बोला

थोडी माहिती. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या अनुसूचीत शाळेसाठीचे निकष आहेत, त्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि तिथे वर्तमानपत्र, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टीची पुस्तकंही हवीत असं स्पष्ट आहे. पण ती मुलांना घरी द्यावीत असं तिथे म्हटलेलं नाही. म्हणून मिटिंगमध्ये "कायद्याने तुम्हाला द्यावीच लागतील" असं म्हणू नका, तिथेच अडवतील. सरकारी शाळांना समग्र शिक्षामधून लायब्ररीसाठी वर्षाला अनुदान असतं, शाळा किती इयत्तांची आहे त्यावर ५ ते २० हजार रुपये, पण ते खासगी शाळेला मिळत नाही, त्यामुळे तोही मुद्दा तुमच्या उपयोगाचा नाही. ग्रंथपाल ताईंचा २७०० रुपयांचा हिशेबच घेऊन जा.

मनपा_शिक्षिका

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, हडपसरच्या बाजूला. आमची बरीचशी मुलं बांधकामावरच्या, कचरा वेचणाऱ्या, घरकाम करणाऱ्या आयांची आहेत. एका खोलीत पाच-सहा माणसं. इथे पुस्तक घरी द्यायचं म्हटल्यावर आमच्याच स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगते. चौथीतली एक मुलगी अचानक यायची बंद झाली. आठ दिवस झाले, फोन लागेना, मग मी शाळा सुटल्यावर घरी गेले. आई दारातच रडायला लागली. लहान भावाने पुस्तकाची चार पानं फाडली होती आणि शाळा आता पैसे मागणार, आपल्याकडे तर नाहीत, म्हणून मुलीला पाठवतच नव्हती. पुस्तक मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं, फाटलेल्या पानांसकट, साडीच्या घडीत, पत्र्याच्या ट्रंकेत अगदी खाली. मला ते काढून दाखवताना त्या बाईचे हात थरथरत होते.

मी तिथेच बसले. घरात गव्हाचं पीठ होतं, त्याची खळ करायला सांगितली, आणि माझ्या पर्समधल्या एका कागदाच्या पट्ट्या फाडून आम्ही तिघींनी ती पानं चिकटवली. ओबडधोबड झालं पण वाचता येतं. ते पुस्तक आजही वर्गात आहे आणि मुलं तेच जास्त मागतात, का ते मला नीट सांगता येत नाही.

त्या दिवसानंतर आमच्या वर्गात पैशाचा नियमच नाही. फाटलं तर फाटलेलं पुस्तक घेऊन यायचं, शनिवारी आपण मिळून दुरुस्त करायचं, एवढंच. हरवलं तर खरं सांगायचं. नोंद मुलंच करतात, दोन मुलं दर महिन्याला ग्रंथपाल होतात, वहीत तारीख, पुस्तकाचा नंबर, नाव. अक्षर वेडंवाकडं असतं पण चूक क्वचित होते, कारण वर्गातल्या कुणाकडे काय आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. पुस्तक न्यायला जुन्या ओढणीच्या शिवलेल्या पिशव्या आहेत, पावसाळ्यात आत दुधाची धुतलेली पिशवी.

आणि पेठेतले काका, शिस्तीचं तुमचं पटतं मला, पण तुम्ही म्हणता ती रक्कम ज्याच्याकडे नाही तो मुलगा रांगेतून आपोआप बाहेर पडतो. तो तक्रार करत नाही, नुसता म्हणतो, मला नको बाई, मला वाचायला आवडत नाही. हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलंय.

धायरीकर_बाबा

बाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य आमच्या मुलाचं आहे, शब्दन् शब्द.

पेठेतला_वाचक

मनपा शिक्षिका ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. डिपॉझिटबद्दल माझं मत बदललं हे इथेच लिहून ठेवतो. संदर्भग्रंथ आणि सेट घरी देऊ नयेत यावर मात्र अजून ठाम आहे. बाकी गोष्टीची पुस्तकं द्या. त्या मुलांच्या शनिवारच्या दुरुस्तीला माणूस हवा असेल तर मला शिलाई येते, सुई-दोऱ्याने पुस्तक बांधतात ती, डिंकापेक्षा टिकते. हडपसरला यायला पीएमटीने वेळ लागेल पण येईन.

मनपा_शिक्षिका

काका, या हो नक्की. मी निरोप पाठवते तुम्हाला.

बाणेर_टू_बुधवार

या सगळ्यात सार्वजनिक ग्रंथालयं विसरू नका असं सुचवेन. पुण्यात काही कमी नाहीत, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. कित्येक ग्रंथालयांत बालविभाग असतो आणि वर्गणी फार नसते. शाळा देत नसेल तर तोवर तिथे नाव घाला. शिवाय बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात.

वानवडी_मम्मा

किशोरचं बरोबर आहे, आम्ही वाचतो. पण ग्रंथालयात मुलांना नेणारं कुणीतरी मोकळं लागतं, मी सातला घरी येते तोवर बंद व्हायची वेळ झालेली असते. आणि ज्या घरात एकच मोबाइल आहे तो आईबरोबर कामावर जातो. शाळेत मूल रोज जातंच की, दप्तरातून पुस्तक घरी येणं सगळ्यात सोपं.

पालक_संघ_सदस्य

मी एका शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे, आम्ही हे करून बघितलं त्यातला एक अनुभव. घरी द्यायला सुरुवात केल्यावर पहिले दोन महिने मुलं फक्त मोठी जाड पुस्तकं न्यायची, भाव मारायला, आणि न वाचता परत आणायची. बाई वैतागल्या, म्हणाल्या बंद करू. आम्ही म्हटलं थांबा जरा. दिवाळीनंतर आपोआप बारीक, चित्रांची पुस्तकं जायला लागली. आणि वाचलं का, सारांश लिही, असं विचारायचं टाळा, तो गृहपाठ झाला की मुलं पळतात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आमच्याकडे मुलांनी फक्त आवडलेलं एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. बास.

कर्वेनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही चार पालक मुख्याध्यापिकांना भेटून आलो, कसं झालं ते लिहिते.

सुरुवातीला वातावरण जरा ताणलेलं होतं, त्यांना वाटलं आम्ही भांडायला आलोय. मी ग्रंथपाल ताईंनी लिहिलेलं तसंच विचारलं, की हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी बाईंवर येते का. त्या एकदम गप्प झाल्या. मग लायब्ररी सांभाळणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या चौथीच्या वर्गशिक्षिका आहेत, वर्गात ५२ मुलं, लायब्ररीचा चार्ज तीन वर्षांपूर्वी मिळाला तेव्हाच रजिस्टरपेक्षा ७० पुस्तकं कमी होती आणि ती अजून त्यांच्या नावावर आहेत. आमच्यापैकी कुणालाच हे माहिती नव्हतं. त्या बाई म्हणाल्या, मला पण वाटतं हो मुलांना द्यावं, पण माझी झोप उडते. मला त्यांच्याबद्दल मनात जे काही होतं त्याची लाज वाटली.

मग हिशेबाचा कागद पुढे ठेवला. ४५ पुस्तकं आणि २७०० रुपये बघून मुख्याध्यापिकांनी स्वतः पुन्हा गुणाकार केला. ठरलं ते असं. आधी निर्लेखनाचा प्रस्ताव संस्थेकडे पाठवायचा, ती ७० पुस्तकं आणि वाळवी लागलेली सगळी धरून, म्हणजे बाई मोकळ्या होतील. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसरी आणि चौथीला गोष्टीची पुस्तकं घरी द्यायची, शुक्रवारी न्यायची, गुरुवारी आणायची. त्या दोन वर्गांना डिपॉझिट नाही. दंड नाही. "अभ्यासात नियमित" ही ओळ काढली, ती कुणी घातली होती हे त्यांनाच आठवेना. पाचवीच्या पुढचं डिपॉझिट मात्र राहिलंय, त्यावर त्या जूनमध्ये बघू म्हणाल्या, आणि पहिली-दुसरीला नाहीच म्हणाल्या, तिथे आम्ही हरलो. पहिली-दुसरीचं मला अजून टोचतंय कारण वाचायची गोडी तिथेच लागते, पण बाईंचा चेहरा बघून फार ताणवेना.

पालकांनी नोंदीला दर शुक्रवारी दोघांनी यायचं कबूल केलंय, माझा पहिला शुक्रवार आहे.

कासवाचं पुस्तक सापडलेलं नाही. बाई म्हणाल्या कदाचित सातवीच्या कपाटात गेलं असेल, सोमवारी बघते.

आता एक मदत हवीये. पुस्तकात मागच्या बाजूला कार्ड ठेवायचा खिसा आणि तारखेची चिठ्ठी लागते ना, ती तयार कुठे मिळतात? सहाशे लागतील.

अर्धवेळ_ग्रंथपाल

वाचून फार आनंद झाला, विशेषतः निर्लेखनाचं. तो प्रस्ताव लेखी गेला ना याची खात्री करा आणि पोच घ्या.

खिशांसाठी अप्पा बळवंत चौकात ऑफिस स्टेशनरीच्या दुकानात "बुक पॉकेट" आणि "डेट स्लिप" म्हणून मागा, शेकड्यावर मिळतात. महाग वाटले तर खाकी कागदाचे घरीच करा, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा कागद तीन बाजूंनी चिकटवायचा, वरची बाजू तिरकी कापायची म्हणजे कार्ड पटकन निघतं. स्टेपलर मारू नका, पावसाळ्यात गंज पानात उतरतो. आणि कार्डावर मुलालाच त्याचं नाव लिहू द्या, तुम्ही लिहू नका.

पेठेतला_वाचक

खाकी कागदाचे दोन रोल माझ्याकडे पडून आहेत, कर्वेनगरला आणून देतो. शनिवारी चालेल?

कर्वेनगरची_आई

चालेल काका. अकरानंतर कधीही या, तिलाही कात्री घेऊन बसवते.